दाबून धरायचा स्विच

ग्राइंडरच्या चकतीचा तुकडा बाथरूमच्या दारात घुसला तेव्हा मी त्या दारापासून चार फुटांवर उकिडवा बसलो होतो. उभा असतो तर तो कपाळात बसला असता. हे अंदाजाने म्हणत नाही, नंतर टेप लावून मोजलं. तुकडा जमिनीपासून पाच फूट दोन इंचांवर, प्लायवूडमध्ये अर्धा इंच आत गेला होता. माझी उंची पाच फूट सहा इंच आहे.

आवाज ऐकून बायको मागच्या दारी आली. तिने आधी माझे दोन्ही हात पाहिले, मग दार पाहिलं. पक्कड घेऊन तुकडा ओढून काढला आणि माझ्यापुढे धरला.

"पुढच्या वेळी उभं राहून करा," ती म्हणाली. "म्हणजे एकदाच काय ते होऊन जाईल."

आमच्या साताऱ्याच्या घरामागे दहा बाय बारा फुटांची पत्र्याची शेड आहे. तिच्यात लोखंड आवळून धरायचा एक व्हाइस, एक ड्रिल मशीन आणि जुनं वेल्डिंग मशीन आहे. कालव्याच्या पाण्याची पातळी मोजून वहीत लिहिणं ही माझी नोकरी. सुट्टीच्या दिवशी खिडकीची जाळी, कुंड्यांचा स्टँड, शेजाऱ्याच्या फाटकाची कडी असलं काहीतरी मी शेडमध्ये करत बसतो. लोखंड कापायचं असलं की कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडून दिवसाला दीडशे रुपये देऊन चार इंची ग्राइंडर आणायचो. त्या ग्राइंडरला चकतीवरचं लोखंडी झाकण, म्हणजे गार्ड, नव्हता. बाजूचं हँडलही नव्हतं. दोन्ही कुठं गेली म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "गार्डनं काय दिसत न्हाई साहेब, काढून टाकायचा असतो."

दारातून निघालेला तुकडा मी टेबलावर ठेवला आणि कागद घेतला. चकतीचा व्यास शंभर मिलिमीटर. मशीनचे फेरे मिनिटाला अकरा हजार. परीघ गुणिले फेरे. उत्तर ताशी दोनशे सात किलोमीटर आलं. दोनदा करून पाहिलं, तेच आलं. म्हणजे तोंडापासून हातभर अंतरावर आपण काय फिरवत असतो ते मला त्या दिवशी कळलं. फुटलेल्या चकतीच्या मधल्या पत्र्याच्या कड्यावर बारीक अक्षरात महिना आणि वर्ष छापलेलं होतं. तिची मुदत दोन वर्षांपूर्वी संपली होती. औषधाची मुदत आम्ही बघतो, बिस्किटाची बघतो. चकतीला मुदत असते हे मला माहीत नव्हतं.

त्याच आठवड्यात स्वतःचा ग्राइंडर घ्यायचं ठरवलं. खर्चाची मर्यादा अडीच हजार.

साताऱ्यात चार दुकानं फिरलो, कऱ्हाडला एक. प्रत्येक मशीनसाठी वहीत रकाने पाडले: वॅट, फेरे, वजन, वायंडिंग तांब्याचं की ॲल्युमिनियमचं, मोटारीत झिजणारे कार्बन वेगळे मिळतात का, गार्ड हत्याराशिवाय फिरवता येतो का, किंमत. पहिल्या दुकानात साडेअकराशेचं मशीन होतं. डब्यावर साडेआठशे वॅट लिहिलेलं. मी ते हातात घेतलं. एवढ्या ताकदीच्या मोटारीत जेवढं तांबं लागतं तेवढं वजन हाताला लागेना.

"हे साडेआठशे नाही," मी म्हणालो.

"साहेब, वॅट काय खाताय व्हय?" दुकानदार म्हणाला. "फिरतंय का न्हाई ते बघा." आणि त्याने काउंटरवर आडवं ठेवून ते चालू केलं. सुरू होण्याचा झटका असा बसला की मशीन जागेवर गर्रकन फिरलं, वजनकाट्याचं पारडं उडवलं आणि दुकानदाराच्या बाहीला लागलं. चकती बसवलेली नव्हती, नुसता दांडा फिरत होता, तरी त्याने बाही पिळून कोपरापर्यंत फाडली. तो शिव्या देत मागे सरला. मशीन काउंटरवर तसंच नाचत राहिलं, कारण त्याचा स्विच पुढे सरकवायचा होता. एकदा सरकवला की मागे ओढेपर्यंत तो चालूच. शेवटी नोकराने वायर उपटली.

घरी येऊन वहीत आठवा रकाना पाडला: स्विच.

स्विच दोन तऱ्हांचे मिळतात. एक सरकवायचा, जो चालू केला की चालू राहतो. दुसरा पोटाखाली लांब पट्टीसारखा असतो. तो दाबून धरायचा. हात सुटला, माणूस पडला, चक्कर आली, की मशीन आपोआप बंद. पहिल्या तऱ्हेचं चांगलं मशीन एकोणीसशे नव्वदला होतं, दुसऱ्या तऱ्हेचं दोन हजार सातशे पन्नास. फरक सातशे साठ रुपयांचा, आणि माझ्या मर्यादेच्या वर अडीचशे. तीन आठवडे त्यावर विचार केला.

या तीन आठवड्यांत माझ्या मेहुण्याचा रोज फोन यायचा. तो तासगावजवळच्या गावात असतो. माझ्याहून तीन वर्षांनी लहान, बायकोहून मोठा. बायको त्याला दादा म्हणते, तो मला दाजी म्हणतो. स्वतःची एकरभर द्राक्षबाग आहे, पण त्याचं नाव आहे ते कलमं भरण्यात. द्राक्षाचं रोप आधी जंगली जातीचं लावतात. पावसाळ्याच्या शेवटी त्या खुंटाला चीर पाडून तिच्यात चांगल्या जातीची काडी पाचरीसारखी तासून बसवतात आणि वरून ताणल्या जाणाऱ्या प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. पाचरीचे दोन्ही काप एका फटक्यात सपाट आले पाहिजेत. मध्ये केसाएवढी फट राहिली तरी काडी वाळते. मेहुणा दिवसाला तीनशे कलमं भरायचा आणि शंभरातली पंच्याण्णव फुटायची. लोक त्याला आधीच्या वर्षीच सांगून ठेवत. दीड महिन्याच्या त्या हंगामावर त्याच्या घराचं वर्ष चालायचं, आणि तो हंगाम त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्यावर आणि दोन बोटांवर चालायचा.

"दाजी, ग्राइंडर घेताय का पोरीला स्थळ बघताय?" तो फोनवर विचारायचा.

"बघून घ्यावं लागतं."

"पत्रिका जुळली का?"

"स्विचपाशी अडलंय."

"आवं, स्विच काय, दाबला की चालू! लवकर आणा. माझा बागंचा जुना मांडव पाडायचाय. एकशे वीस अँगल हायती. चाळीस तुमी न्या तुमच्या शेडला, फुकट. निसतं मशीन घिऊन या."

चाळीस अँगलची भंगाराच्या भावाने किंमत काढली. त्यापुढे अडीचशे रुपये काहीच नव्हते. दाबून धरायच्या स्विचचं मशीन मी घेतलं. दुकानातच घड्याळ लावून पाहिलं: हात सोडल्यापासून चकती पूर्ण थांबायला सात सेकंद. सोबत नव्या तारखेच्या पंचवीस चकत्या घेतल्या.

एप्रिलच्या एका रविवारी माझी जुनी गाडी घेऊन विट्यावरून तासगावला गेलो. माझे चाळीस अँगल साताऱ्याला आणि बाकीचे वाटेत भंगारवाल्याकडे न्यायला संध्याकाळी पाच वाजता एक टेम्पो ठरवला होता. जुने वेल आधीच उपटून बांधावर रचले होते, तारा गुंडाळल्या होत्या. रानात नुसते लोखंडी अँगल रांगेने उभे होते. बुंध्याला काँक्रीट असल्यामुळे ते उपटत नव्हते. जमिनीलगत कापायचे होते. शेतीची वीज त्या आठवड्यात सकाळी आठ ते दुपारी चार. विहिरीवरच्या पेटीतून लांब वायर ओढली होती.

कापायचं काम मेहुण्याने घेतलं. मी समोरून अँगल माझ्याकडे ओढून धरायचा. तसं धरलं की काप उघडा राहतो. नाही तर अँगल कलतो आणि चकती फटीत चिमटली जाते.

दहा अँगल झाल्यावर त्याने मशीन खाली ठेवलं आणि हात झाडला. "ह्यो कसला स्विच दाजी? बोटाला मुंग्या आल्या. सारखा आवळून धरायचा म्हंजी काय म्हशीची धार काढायची हाय का?" आणि त्याने खिशातून कलमाची पट्टी काढली. ती त्याच्या खिशात बारा महिने असते. स्विचवरून पट्टीचा वेढा देऊ लागला तसा मी त्याचा हात धरला.

"बांधायची नाही."

"आवं, माझं मी बगतो."

"मशीन माझं आहे."

"आन हात माझा हाय."

मी पट्टी हिसकली. त्याने मला छातीवर ढकललं. मी दोन पावलं मागे गेलो आणि पुढे येऊन त्याला ढकललं. तो कापलेल्या अँगलच्या खुंटावर आपटता आपटता राहिला. दोघंही पन्नाशीच्या जवळचे, डोक्याला टॉवेल बांधलेले, रानात एकमेकांच्या सदऱ्याला धरून उभे. त्याच्या तोंडाला तंबाखूचा वास येत होता. त्याने मला शिवी दिली, जी तोवर कधी दिली नव्हती. मीही दिली.

"सातशे साठ रुपये जास्त दिलेत मी ह्या स्विचला," मी ओरडलो.

तो एकदम हसला. "तरीच. सोडा दाजी. सोडा, बटन तुटंल." पट्टी माझ्याच खिशात राहिली आणि काम पुढे सुरू झालं.

दुपारचं जेवण बांधावर झालं. अडीच वाजता मी मोजलं: एकाहत्तर कापून झाले होते, एकोणपन्नास राहिले होते. वीज जायला नव्वद मिनिटं होती. सकाळी एका अँगलला पावणेदोन मिनिटं लागत होती. आता त्याचा हात भरून येत होता, मध्ये थांबून तो बोटं चोळत होता, आणि वेळ अडीच मिनिटांवर गेला होता. एकोणपन्नास गुणिले अडीच: एकशे बावीस मिनिटं. होणार नव्हतं. मग तेरा अँगल रानात तसेच उभे राहणार, किंवा परत यायचं, सव्वाशे किलोमीटर येणं, सव्वाशे जाणं. पण हात चोळायला थांबावं लागलं नाही तर? एकोणपन्नास गुणिले पावणेदोन: शहाऐंशी मिनिटं. चार मिनिटं शिल्लक राहत होती.

हे गणित मी अँगलच्या गंजावर खडूने केलं. मग वायरचा जोड सोडून आलो, खिशातून पट्टी काढली, मशीन मांडीवर घेतलं, स्विच दाबला आणि त्याच्यावरून पट्टी ताणून सात वेढे दिले. कलम बांधतात तसे, खालून वर, प्रत्येक वेढा आधीच्यावर अर्धा चढवून. त्यानेच एकदा मला ते शिकवलं होतं. चालू-बंद आता वायरच्या जोडावरून करायचं होतं, आणि तो जोड तिथून चाळीस पावलांवर होता.

"आता कसं," मेहुणा म्हणाला. "आला ना दाजी वळणावर!"

पहिले अठरा भराभर झाले. मशीन एका अँगलवरून दुसऱ्यावर चालूच जात होतं. त्याची किंकाळी थांबत नव्हती, ठिणग्या आमच्या पोटऱ्यांवर चावत होत्या, लोखंड जळाल्याचा वास घशात बसला होता. आम्ही बोलायचं सोडलं होतं. तो कापायचा, मी ओढून आडवा पाडायचा, पुढचा.

नव्वदावा अँगल अर्ध्याहून जास्त कापून झाला असताना मी घड्याळाकडे पाहिलं.

तेवढ्यात हाताची ओढ ढिली पडली असणार. अँगल त्याच्याकडे कलला आणि काप मिटला. चकती चिमटली गेली. मशीनने लाथ मारली आणि ते त्याच्या दोन्ही हातांतून सुटून मागे उडालं, त्याच्या गुडघ्याला आपटून जमिनीवर पडलं. साध्या हिशेबाने सात सेकंदांत थांबायला हवं होतं. थांबलं नाही. चकती मातीत घुसली, मशीन उसळलं, वायर त्याच्या पायाभोवती फिरली आणि ते ढेकळं उडवत, स्वतःभोवती गरगरत त्याच्या घोट्याकडे आलं. साप पकडायला जावं तसा त्याने वाकून उजवा हात टाकला.

मी ओरडलो. काय ते आठवत नाही. पळालो. चाळीस पावलं होती, मी वाटेत दोनदा पडलो. जोड उपटला तेव्हा मागे एकदम शांत झालं, आणि त्या शांततेत त्याचा आवाज ऐकू आला. तो ओरडत नव्हता. "आगं आय, आगं आय," असं हळू, मोजल्यासारखं म्हणत होता.

काप मनगटाच्या आतल्या बाजूने अंगठ्याच्या मुळापर्यंत गेला होता. आतलं पांढरं दिसत होतं. रक्त उडत होतं, थांबत होतं, पुन्हा उडत होतं. डोक्याचा टॉवेल सोडून दंडाला आवळला, दुसरा हाताला गुंडाळला. तो चालत गाडीपर्यंत आला. सांगली पंचवीस किलोमीटर. एका हाताने गाडी चालवत, दुसऱ्या हाताने त्याचा कोपर वर धरून मी गेलो. वाटेत एका बैलगाडीला घासलो, मागून शिव्या आल्या, थांबलो नाही.

"दाजी, अंगठा हाय का बगा."

"हाय."

"हालतोय का?"

मी रस्त्याकडे बघत राहिलो.

"हालतोय का, दाजी?"

"टॉवेलात दिसत नाही रे," मी म्हणालो. दिसत होतं.

हाताच्या डॉक्टरांनी दिव्याखाली बघितलं आणि सांगितलं, अंगठा वाकवणारी दोरी तुटलीय, तिच्याजवळची आणखी एक तुटलीय, संवेदनेची नस अर्धी कापलीय. ऑपरेशन चार तासांचं. जोडता येईल, पण पूर्वीसारखं वाकेल का ते आज सांगता येणार नाही. मेहुण्याने विचारलं, "चाकू धरता यील का?" डॉक्टर म्हणाले, "आधी चमचा धरू."

त्याला आत नेण्याआधी सासरे आले. मी त्यांना मामा म्हणतो. ते फौजेतून सुभेदार होऊन आलेले, बहात्तर वर्षांचे, ताठ. आधी रानात जाऊन आले होते. मोटारसायकलच्या पिशवीतून त्यांनी माझा ग्राइंडर बाहेर काढला आणि स्ट्रेचरजवळ उभं राहून धरला. चकतीला माती आणि रक्त वाळलेलं होतं.

"ही पट्टी कुनी बांधली?"

मी तोंड उघडलं. त्याआधी मेहुणा म्हणाला, "म्या बांधली."

मामांनी त्याच्या थोबाडीत मारली. सत्तेचाळीस वर्षांच्या, स्ट्रेचरवर पडलेल्या, हात वर टांगलेल्या पोराच्या. आवाज सगळ्या बोळात गेला. दुसरी मारली तेव्हा नर्स मध्ये आली.

"पट्टी हाय ती खुंटाला बांधायची का मशीनला? आं? दाजींनी एवढं बगून-बगून मशीन आनलं, आन ह्यो भाड्या त्याला पट्टी बांधतोय! त्यांच्या जिवाला काय झालं आसतं म्हंजी?" आणि माझ्याकडे वळून, आवाज खाली आणून म्हणाले, "तुमाला लागलं न्हाई न्हवं?"

मेहुण्याने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली, अगदी थोडी, नको म्हणून. मला ती मान हवीच होती. मी म्हणालो, "नाही मामा, मला काही लागलं नाही."

सहा आठवडे हात पट्ट्यात होता. नंतर व्यायाम. रबराचा चेंडू दाबायचा, कपड्याचे चिमटे तारेला लावायचे, वाटीतले शेंगदाणे उचलून ताटात टाकायचे. मी महिन्यातून तीनदा जायचो आणि वहीत लिहायचो: शेंगदाणे मिनिटाला चार, सात, अकरा. तर्जनी आणि मधलं बोट परत आलं. अंगठा मुळाशी हलायचा, पण वरच्या पेरात वाकेना. जुलैपासून आकडे वाढायचे थांबले.

तेव्हा एकदा मी त्याला विचारलं, खोटं का बोललास.

"काय करायचं मग?" तो चेंडू दाबत म्हणाला. "जावयाला सासरा काय बोलनार? बोलता येत न्हाई म्हनून आत जळत बसला आसता म्हातारा. आन आमच्या बहिनीला माहेरात आयुष्यभर ऐकावं लागलं आसतं, तुझ्या नवऱ्यानं भावाचा हात घालवला म्हनून. मला काय, मला ल्हानपनापास्नं मार खायची सवय हाय."

"मी सांगतो त्यांना."

"सांगू नका. हात आला की आपोआप मिटतंय."

मिटलं नाही. म्हाताऱ्याने त्याला सोडलंच नाही. ताटावर बसला की, "घास तरी धरता येतो का, का त्यालाबी पट्टी बांधायची?" पाहुण्यांदेखत, शेजाऱ्यांदेखत. मेहुण्याची बायको उठून आत जायची. मी असलो की मामा मला चहा आधी द्यायला सांगायचे.

ऑगस्टच्या शेवटी कलमांचा हंगाम आला. लोक त्याला विचारायला येऊ लागले आणि तो म्हणाला, आधी घरच्या रानात करून बघतो. त्या दिवशी मी रजा काढून गेलो. जुन्या मांडवाच्या जागी नवे खुंट गुडघ्याच्या वर आले होते. ओल्या फडक्यात काड्या गुंडाळून ठेवल्या होत्या. मेहुणा पोतं टाकून खुंटापाशी बसला, मामा आणि मी उभे.

त्याने उजव्या हातात चाकू घेतला, डाव्या हातात काडी. पहिला काप घेताना चाकू अंगठ्यावरून निसटला. दुसऱ्या वेळी काप आला, पण मध्ये खड्डा. तिसरी काडी मोडली. चौथीला त्याने मूठ आवळून जोर लावला, तर पातं काडीतून पलीकडे गेलं आणि डाव्या बोटाला लागलं. त्याने बोट तोंडात घातलं.  सात काड्या झाल्या. त्यांतली एकही खुंटात बसण्यासारखी नव्हती. हे त्याला कळत होतं, कारण आयुष्यभर त्याने असल्या काड्या बाकीच्यांच्या हातातून काढून फेकल्या होत्या.

"बांध," मामा म्हणाले. "बांध आजून स्विच. घराला आग लावलीस, भाड्या, आता राखंत काड्या रोव!" आणि त्यांनी पायाने त्या सातही काड्या चिखलात लोटल्या.

"मामा," मी म्हणालो, "स्विच मी बांधला होता."

मेहुण्याने मान वर केली. "दाजी, गप बसा."

"अडीच वाजता मी गणित केलं. तो नको म्हणत नव्हता, पण सकाळी मीच त्याला पट्टी बांधू दिली नव्हती, आणि दुपारी मीच बांधली. सात वेढे. अँगल धरायचा सोडून घड्याळ मीच बघितलं. त्यानं मला वाचवायला खोटं सांगितलं."

मामा माझ्याकडे वळले. 

"तू?" ते म्हणाले.

लग्नाला तेवीस वर्षं झाली होती. त्या माणसाने मला कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

"तू बांधलीस? आन पाच म्हैनं माझ्याम्होरं बसून चा पितुयास?" आणि त्यांचा हात वर गेला.

मेहुणा बसल्या जागेवरून झेपावला. त्याने बापाचं मनगट हवेतच पकडलं, उजव्या हाताने. चार बोटं बसली. अंगठा पलीकडून यायला हवा होता, तो आला नाही, ताठ राहिला. म्हाताऱ्याने नुसता झटका दिला आणि मनगट त्या पकडीतून सुटलं. चपराक माझ्या कानशिलावर बसली. चष्मा उडाला. मी गुडघ्यावर आलो. कानात मोठी शिट्टी वाजत होती आणि तिच्यापलीकडे मामांचं ओरडणं लांबून आल्यासारखं येत होतं. त्यांनी आणखी एक मारली, मानेवर. मग ते थांबले. स्वतःचा हात बघितला आणि बांधाकडे तोंड करून उभे राहिले. खांदे हलत होते.

मेहुणा आमच्या दोघांकडेही बघत नव्हता. तो आपला उजवा हात तोंडासमोर धरून उभा होता. बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. सत्तरीच्या पुढच्या माणसाचं मनगट त्या हातात राहिलं नव्हतं.

"गेला," तो म्हणाला. पाच महिन्यांत पहिल्यांदा.

 मग तो पोत्यावर बसला. चाकू उचलला, सदऱ्याला पुसला आणि डाव्या हातात घेतला. नवी काडी उजव्या हाताच्या चार बोटांत आणि त्या ताठ अंगठ्यात अडकवली. तेवढं तो हात करू शकत होता. पहिला काप पाचवीतल्या पोराने पेन्सिल तासावी तसा आला. त्याने काडी फेकली, दुसरी घेतली.

"उभं काय ऱ्हायलायसा?" तो खाली बघत म्हणाला. कुणाला ते कळलं नाही. "काड्या वाळत्यात. पानी मारा."

मामा गेले आणि कळशी घेऊन आले.

संध्याकाळपर्यंत त्याने डाव्या हाताने अकरा कलमं भरली. तीन आठवड्यांनी त्यांतली चार फुटली.